‘व्हय’ म्हणणारी बाई : सुषमा देशपांडे यांची नाटकं आणि ‘कुणापैकी?’ हा प्रश्न

(मार्केट यार्ड, पुणे इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

बाहेर ट्रक लागतायत, मधूनमधून हॉर्न ऐकू येणार, तेवढं सांभाळून घ्या. मार्केट यार्डात बोलायला या असं सांगितल्यावर मी लगेच हो म्हटलं, त्याला घरचं कारण आहे. माझी आई इथंच भुसार विभागात एका गाळ्यावर धान्य निवडायची. बाया सुपं घेऊन ओळीनं बसायच्या. गहू, तूर, हरभरा, जे पोतं फुटेल ते पाखडायचं, खडे वेचायचे. संध्याकाळी आई घरी आली की तिच्या केसांत, पापण्यांवर भुसा असायचा.

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या वस्तीजवळच्या शाळेच्या पटांगणात एक प्रयोग झाला. नाटकाचं नाव ‘व्हय, मी सावित्रीबाई’. मी तेव्हा कॉलेजात होते, आईला ओढूनच घेऊन गेले. पडदा नाही, देखावा नाही. एक नऊवारीतली बाई समोर येऊन उभी राहिली आणि बोलायला लागली. आई पहिल्यांदा चुळबुळ करत होती, मग गप्प झाली, मग पदर तोंडाला लावून बसली. परत येताना मात्र तिनं मला एकच प्रश्न विचारला : “ही बाई कुणापैकी गं?”

मला राग आला. एवढं सगळं बघून हिला जातच विचारावीशी वाटली? मी तोऱ्यात सांगितलं, “देशपांडे.” आई थोडा वेळ चालत राहिली आणि म्हणाली, “बोलती मातर आपल्यावानी.”

पुढं मी इतिहास शिकवायला लागले, तेव्हा लक्षात आलं की आईचा प्रश्न काही अडाण्याचा नव्हता. आपल्या रंगभूमीचा तो फार जुना प्रश्न आहे. बाईची गोष्ट सांगितली जाते, खालच्या समजल्या गेलेल्या जातीतल्या बाईचीही सांगितली जाते. पण ती सांगतं कोण? ‘मी’ हा शब्द कुणाच्या तोंडी असतो? सुषमा देशपांडे यांच्या कामाकडं मी आज याच अंगानं बघणार आहे.

त्यासाठी थोडं मागं जाऊ. सन १८५५. ठिकाण हेच आपलं पुणं, इथून तीनेक किलोमीटरचा परिसर. त्या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. त्यात एक गरोदर कुणबीण आहे. जोशीबुवा तिला ग्रहांची भीती घालून लुबाडतो, नवरा-बायको कर्जात जातात, आणि शेवटी दोघंही शाळेत जायचं ठरवतात. शेतकऱ्याच्या घरातली बाई आधुनिक मराठी नाटकात आली ती अशी. दुसरी गोष्ट म्हणजे फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. आम्हाला धर्मग्रंथ वाचायची बंदी, तर मग आमचा धर्म तरी कोणता, असं ती पोरगी विचारते. स्वतः मांग म्हणून, ‘आम्ही’ म्हणून विचारते.

म्हणजे बघा, एकाच वर्षी, एकाच गावात नाटक होतं आणि बोलणारी मुलगीही होती. दोघांची गाठ मात्र पडली नाही. ‘तृतीय रत्न’ दक्षिणा प्राइज कमिटीनं नाकारलं, ते छापून यायला १९७९ साल उजाडलं. मुक्ताचा निबंध नियतकालिकाच्या जुन्या फायलीत राहिला. मधल्या काळात मराठी संगीत नाटक बहरलं, त्यात स्त्रीदुःखही आलं. देवलांची शारदा आठवा, १८९९ ची. पण ते दुःख पांढरपेशा घराच्या माजघरातलं, आणि लुगडं नेसून ते गाणारे बहुतेक पुरुषच.

मग बहुजन, दलित बाई रंगमंचावर नव्हतीच का? होती की! तमाशात होती. पण तिथं ती नाचत होती. हिवरगावची पवळा महार समाजातली. तिच्या नावावर माणसं कोसोकोस चालत यायची. ती ज्या लावण्या गायची त्या पठ्ठे बापूरावांच्या. बापूराव म्हणजे मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जात सोडून फडात आलेला मोठा कवी. मी त्यांना कमी लेखत नाही. ज्या काळात ते पवळाबरोबर उभे राहिले त्या काळात त्याची किंमत मोजावी लागे आणि त्यांनी ती मोजली. पण शब्द कुलकर्ण्यांचे आणि गळा पवळाचा, ही वाटणी लक्षात ठेवा. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देणगी देऊ केली, तेव्हा महार बायकांना नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी ती नाकारली, असं सांगतात. म्हणजे आईचा प्रश्न बाबासाहेबांनीही वेगळ्या शब्दांत विचारला होता.

त्याचा एक परिणाम झाला, त्याबद्दल आपल्याकडं कमी बोललं जातं. १९३० नंतर आंबेडकरी जलसे उभे राहिले. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तमाशाचं रूप घेतलं आणि त्यातली गवळण, नाच, शृंगार काढून टाकला. योग्यच केलं. पण नाचाबरोबर बाईही गेली. जलशात बायांच्या प्रश्नावर संवाद असायचे, ते म्हणायचे मात्र पुरुष. शर्मिला रेगे यांनी पुणे विद्यापीठात असताना या सगळ्याचा अभ्यास केला, त्यांचं लिखाण जरूर वाचा. चळवळीनं बाईची अप्रतिष्ठा थांबवली, पण तिला बोलायला जागा काही लगेच मिळाली नाही.

आता एकदम ऐंशीच्या दशकात येऊ. या दशकात एकेक बाई लिहायला लागली होती. कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’ १९८१ चं. १९८६ मध्ये फलटणच्या बेबीताई कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ आणि शांताबाई कांबळेंचं ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’ आलं. १९८८ मध्ये मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं सावित्रीबाईंचं समग्र वाङ्मय राज्य सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळानं काढलं. त्याच सुमाराला ‘सोबत’ साप्ताहिकात फुल्यांची नालस्ती करणारे लेख आले आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. १९८९ मध्ये उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ आलं. बाबासाहेबांच्या चळवळीत राबलेल्या बायांकडं जाऊन, त्यांच्या तोंडून ऐकून लिहिलेलं पुस्तक.

आणि त्याच १९८९ मध्ये सुषमा देशपांडे यांनी ‘व्हय, मी सावित्रीबाई’ उभं केलं. लेखन त्यांचं, दिग्दर्शन त्यांचं, करणाऱ्याही त्याच.

आज सावित्रीबाईंचा फोटो प्रत्येक शाळेत आहे, विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, त्यामुळे १९८९ ची परिस्थिती तरुण श्रोत्यांना पटणार नाही. आमच्या पाठ्यपुस्तकात सावित्रीबाई म्हणजे जोतीरावांच्या धड्यातली दोन वाक्यं. लोकांनी शेणगोळे मारले, त्या शाळेत गेल्या, संपलं. त्यांची पत्रं आम्ही वाचलेली नव्हती. १८६८ चं पत्र घ्या. त्या माहेरी, नायगावला आहेत. गावात गणेश नावाचा ब्राह्मण मुलगा आणि सारजा नावाची महाराची मुलगी यांचं प्रेम जमतं. मुलगी गरोदर राहते. लोक दोघांना मारायला निघतात. सावित्रीबाई धावत जातात, इंग्रजी कायद्याची भीती घालतात, दोघांचा जीव वाचवतात आणि नवऱ्याला पत्रानं सगळा वृत्तांत कळवतात. मंडळी, यात अख्खं नाटक आहे, आणि सांगणारी बाई त्यात स्वतः उभी आहे. शंभर वर्षांहून जास्त काळ आपण तिला ‘महात्म्याची पत्नी’ या एका शब्दात बसवलं होतं.

देशपांडे यांनी केलं ते वरवर साधं. तृतीयपुरुषी चरित्र टाकून दिलं आणि ‘मी’ घेतला. सावित्रीबाई स्वतः आपली हकिगत सांगतात, मधेच जोतीराव होतात, मधेच सासरे, मधेच गावकरी, की पुन्हा सावित्रीबाई. आपल्या जात्यावरच्या बाया, देवळातल्या कीर्तनकार असंच तर सांगतात. त्यामुळे नाटक कधी न बघितलेल्या माणसालाही ते समजायला अडचण आली नाही. सामानसुमान जवळपास नसल्यामुळं प्रयोग कुठंही होई. गावचा पार, शाळेचं पटांगण, वस्तीतलं समाजमंदिर. तीन दशकांहून जास्त काळ हे नाटक चाललंय, हिंदी आणि इंग्रजीतही झालंय.

इथं इतिहासाची शिक्षिका म्हणून एक गोष्ट नोंदवायलाच हवी. नाटकाच्या नावात ‘होय’ नाही, ‘व्हय’ आहे. पण प्रत्यक्षातल्या सावित्रीबाई लिहायच्या प्रमाण मराठीत. १८५४ मध्ये ‘काव्यफुले’ काढणारी, वृत्तात कविता करणारी ही बाई. मग तिच्या तोंडी ‘व्हय’ का? काही वर्षं मला ते खटकायचं. शिकलेली बहुजन बाई म्हटली की तिला गावरान बोलायला लावायचं, हाही एक साचाच झाला ना? आता मला वाटतं की तो शब्द समोर बसलेल्या बाईसाठी आहे. माझी आई प्रमाण मराठीतल्या सावित्रीबाईसमोर हात जोडून उठली असती. ‘व्हय’ म्हणणाऱ्या बाईजवळ ती दीड तास बसली. पण माझं खटकणं पूर्ण गेलेलं नाही, हेही सांगते.

पुढचं मोठं काम १९९५ चं. ‘तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड’. आता विषय तमाशातली बाई. म्हणजे ज्या बाईला आपण शतकभर फक्त बघितलं होतं, ती. लावणी नाचणाऱ्या बायांशी बोलून, त्यांच्यात राहून उभं केलेलं हे एकपात्री. यातली बाई नाचाचं सांगते, पण नाच सुरू नसताना काय असतं तेही सांगते. लग्नाऐवजी एखाद्या ‘मालका’शी बांधली जाणारी बाई, बापाचं नाव न मिळणारी पोरं, म्हातारपण. नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग तुम्हाला माहीत आहेत, आपल्याच जिल्ह्यातल्या. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली कलावंत, आणि २००२ मध्ये गेली ती हलाखीत. प्रयोग चालू असताना कळा आल्या, आत जाऊन बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा उभी राहिली, ही गोष्ट आपण सगळे मोठ्या कौतुकानं सांगतो. ती गोष्ट सांगताना बाईला त्या क्षणी काय झालं असेल हे आपल्याला सुचत नाही, आपल्याला तिचा धडाका दिसतो. देशपांडेंच्या नाटकात तो धडाका बाजूला ठेवून बाई बोलते. पवळाच्या वेळची वाटणी इथं थोडी बदलली. शब्द अजूनही देशपांड्यांनी बांधलेले, पण त्यांचा कच्चा माल बायांच्या स्वतःच्या बोलण्यातून आलेला.

संत स्त्रियांवरच्या ‘बया दार उघड’ बद्दल आज फार बोलत नाही, तो वेगळा विषय होईल. जनाबाई आणि सोयराबाई यांच्यामुळं ते या ओळीत बसतं एवढंच.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतर काय झालं. देशपांडे हळूहळू स्वतः बाजूला झाल्या. सावित्रीबाईची भूमिका त्यांनी शिल्पा साने आणि शुभांगी भुजबळ यांच्याकडं दिली. एकीऐवजी दोघी सावित्रीबाई. तमाशाच्या नाटकात राजश्री सावंत-वाड उभ्या राहिल्या. आपल्याकडं नट मंडळी गाजलेली भूमिका मरेपर्यंत सोडत नाहीत, त्यामुळे याचं मला अप्रूप वाटतं.

आणि २०१४ मध्ये आलं ‘आयदान’. उर्मिला पवार यांचं आत्मकथन २००३ चं. लेखिका रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या, महार समाजातल्या. वडील शिक्षक, ते लवकर गेले. आई बांबूची आयदानं, म्हणजे सुपं, टोपल्या, रोवळ्या विणायची आणि त्यावर घर चालवायची. विणलेली आयदानं घरोघर पोचवायचं काम लहान उर्मिलाचं. लोक तिला बाहेर उभी करायचे, सुपावर पाणी शिंपडून ते आत घ्यायचे आणि पैसे वरून तिच्या हातात टाकायचे. आईचं विणणं आणि आपलं लिहिणं यांची वीण एकच आहे, असं त्या मानतात. पुस्तकात फक्त जातीचा जाच नाही. चळवळीतल्या नवऱ्याचं बायकोच्या शिक्षणावर नाराज होणं आहे, तरण्या मुलाचा मृत्यू आहे, आणि दिलखुलास विनोदही आहे. कोकणातल्या बायांचं हसणं या पुस्तकात आहे तसं मराठीत फार कमी ठिकाणी आहे.

नाटकात तीन नट्या होत्या : नंदिता धुरी, शिल्पा साने आणि शुभांगी सावरकर. तिघीही उर्मिला, तिघीही आई, तिघीही शेजारीण. आता इथं देशपांडे यांनी ‘मी’ बनवलेला नाही. तो पुस्तकात तयार होता, जिवंत बाईनं लिहिलेला. त्यांनी निवड केली, कापलं, जोडलं, आणि तिघींच्यात वाटून दिलं.

हे बघताना मला अमेरिकेतल्या एन्टोझाकी शांगे आठवल्या. काळ्या स्त्रियांच्या गोष्टी त्यांच्याच बोलीत सांगणारं त्यांचं नाटक १९७६ मध्ये ब्रॉडवेवर गेलं. त्यात सात बाया, एकीलाही नाव नाही, नुसते रंग. तिथंही एका बाईचं दुःख सातजणींच्या तोंडून येतं. त्यांच्याआधी ब्रॉडवेवर काळ्या स्त्रीचं नाटक पोचलं होतं ते लोरेन हॅन्सबेरी यांचं, १९५९ चं. आपलं आणि त्यांचं नातं जुनं आहे. फुल्यांनी १८७३ ची ‘गुलामगिरी’ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केली, आणि १९७२ मध्ये आपल्या पोरांनी नाव घेतलं ते पँथर. पण एक फरक डोळ्यांत भरतो. शांगे आणि हॅन्सबेरी स्वतः काळ्या होत्या. ज्यांची गोष्ट त्यांचीच लेखणी.

म्हणून इथं माझं मत सांगते, तुम्हाला पटेलच असं नाही. देशपांडे आडनावाच्या बाईनं ‘मी सावित्रीबाई’ म्हणावं का? म्हणावं. १९८९ मध्ये दुसरं कुणी म्हणत नव्हतं, आणि त्यांनी ते मोठ्या नाट्यगृहाऐवजी पटांगणात येऊन म्हटलं. पण एवढ्यावर हिशोब मिटत नाही. पंचवीस वर्षांत त्यांचं काम ‘मी म्हणते’ पासून ‘तिनं लिहिलंय, आम्ही वाचून दाखवतो’ इथवर आलं, माझ्या दृष्टीनं त्याचं मोल पहिल्या प्रयोगाच्या टाळ्यांपेक्षा जास्त आहे. दोष असेल तर तो आपल्या रंगभूमीचा. प्रज्ञा दया पवार यांनी ‘धादांत खैरलांजी’ लिहिलं. २००६ च्या हत्याकांडावरचं, दलित कवयित्रीचं नाटक. त्याचे प्रयोग तुमच्यापैकी किती जणांनी बघितले? हात वर करू नका, मलाच ओशाळल्यासारखं होईल. पुण्यात २०१२ मध्ये अतुल पेठे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन गो. पु. देशपांडे यांचं ‘सत्यशोधक’ केलं, ते गाजलं. तिथंही रंगमंचावर कामगार आले, लेखक पुन्हा देशपांडेच. मुक्ता साळवेच्या वंशातल्या, म्हणजे तिच्या वाटेनं आलेल्या मुली आज कविता लिहितायत, आत्मकथनं लिहितायत, पीएच. डी. करतायत. नाटक लिहायला मात्र तालमीची जागा लागते, माणसं लागतात, पैसा लागतो. कविता रात्री स्वयंपाकघरात लिहिता येते, नाटक येत नाही.

आता आईचं राहिलेलं सांगते. ‘आयदान’ला मी तिला पुन्हा घेऊन गेले. तोवर ती सत्तरीची झाली होती, काम कधीच सुटलं होतं. मला वाटलं, आज पुन्हा विचारणार, कुणापैकी म्हणून. तिनं विचारलं नाही. ती सुपाचं बोलायला लागली. गावाकडं सुपं घेऊन एक बाई यायची, तिचं नाव चंद्रा. आजी तिला उंबऱ्याच्या खाली थांबवायची आणि सुपावर पाणी मारूनच ते आत घ्यायची. पाणी आणून द्यायचं काम आईचं, ती तेव्हा सात-आठ वर्षांची.

“तीस वर्षं सूप हातात होतं माझ्या,” आई म्हणाली. “चंद्राला पोरं किती होती, त्ये बी मला ठावं नाय.”